धोंड्यावरची पाठ

रविवारी सकाळी शेजारची काकू झाकलेलं ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा माय गॅसवर चहा ठेवत होती आणि मी अंगणात दात घासत होते. काकूनं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. चेहरा असा केला होता की मी तोंडातला फेस तसाच गिळला.

ताटात पिठलं आणि चार भाकरी होत्या.

आमच्याकडं पिठलं-भाकरी असं सकाळी सकाळी, झाकून, न बोलता आणलं की त्याचा एकच अर्थ होतो. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, मग शेजारपाजारचे घास घेऊन जातात. पूर्वी धुराड्यावरून तरी कळायचं. आता घरोघरी गॅस आल्यापासून कुणाची चूल पेटली आणि कुणाची नाही, हे बाहेरून कळायची सोय राहिलेली नाही.

माय हातात चिमटा घेऊन बाहेर आली. ताटाकडं बघितलं, काकूकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. तिला वाटलं मला काहीतरी ठाऊक आहे आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं तिला ठाऊक आहे. 

"कोण गेलं गं?" मायनं शेवटी विचारलं.

"आता तुमीच सांगा," काकू म्हणाली. "आमाला काय म्हाईत. भाऊजी चार दिसांपासून सकाळी माळावर एकटेच बसून राहिले, तोंडातून शब्द न्हाई. आमी म्हणलं, नात्यातलं कोणी तरी असंल. दुःख पोटात ठेवू नये माय, तकलीफ होती. आमच्या घरचे गेलेत त्यांच्यापाशी बसायला. बाकीचे बी गेलेत."

मायच्या हातातला चिमटा खाली पडला.

इथं आधी बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. हिंगोली-सेनगाव, हिंगोली-वसमत, मधूनच साखऱ्याची मुक्कामाची गाडी, असा सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या कोपरांच्या आणि पोत्यांच्या मधे काढला. हळदीच्या हंगामात वसमतच्या गाडीत माणसं कमी आणि पोती जास्त असायची. बाबा घरी आले की त्यांचा सदरा पिवळा झालेला असायचा आणि घसा बसलेला. "पुढं चला, पुढं सरका, मधी जागा हाय" हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांना हे एकच वाक्य येतं.

ते रिटायर झाले, हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीच्या वेळेला त्यांना जाग आली. उठले, तोंड धुतलं, आणि जायला गाडीच नाही. मग ते निघाले आणि गावाबाहेरच्या माळावर जाऊन एका काळ्या धोंड्यावर बसले. पौषाचे दिवस होते. खाली कयाधू नदीकडच्या रानात तेव्हा धुई, म्हणजे दाट धुकं पडलेलं असतं, हळदीचे वाफे, विहिरी, लाइटीचे खांब सगळं बुडून जातं. बाबांना ते आवडलं. मग ते रोजच जायला लागले.

आता यात कुणाला आक्षेप घेण्यासारखं काय आहे, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आमच्या गावात एकट्यानं बसायला परवानगी नाही. तसा कायदा नाही, पण कायद्याहून कडक आहे. दोघं बसले तर गप्पा मारून राहिले म्हणतात, चौघं बसले तर पत्ते खेळून राहिले म्हणतात. एकटा बसला की तो आजारी तरी असतो, भांडून तरी आलेला असतो, नाहीतर त्याचं कोणीतरी गेलेलं असतं. आणि तिन्ही बाबतींत त्याच्याजवळ जाऊन बसणं हे दुसऱ्याचं कर्तव्य असतं. गावानं ते अगदी बराबर बजावलं.

मी चूळ भरली आणि माळाकडं धावले.

खरं सांगायचं तर, एकटा बसलेला माणूस हा माझ्या धंद्याचा विषय आहे. मी हिंगोलीत एका शाळेत चित्रकला शिकवते, तिथंच खोली करून राहते. माझ्या खोलीत भिंतीवर काही जुन्या युरोपी चित्रांच्या छापील प्रती चिकटवलेल्या आहेत. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडच्या चित्रकारांना एक नाद लागला होता. भलामोठा डोंगर काढायचा, नाहीतर समुद्र, नाहीतर धुकं, आणि त्याच्यापुढं एक एवढुस्सा माणूस उभा करायचा. तोही आपल्याकडं पाठ करून. त्याचं तोंड दिसत नाही. तो बघतोय आणि आपण त्याच्या मागं उभं राहून, तो बघतो तेच बघतोय. या शैलीला रोमँटिक म्हणतात. नववीच्या वर्गात मी हा शब्द उच्चारला की मुली एकमेकींना कोपरं मारतात. मग मी चित्र दाखवते आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. "मॅडम, ह्याच्यात हिरॉईन कुठाय?" असं एकीनं विचारलं होतं. मी म्हणाले, नाहीच आहे. तर म्हणाली, मग तो बिचारा काहून थांबून राहिला?

मला ती चित्रं फार आवडतात. पण त्यांच्याकडं बघताना दर वेळी एक चिडखोर विचार मनात येतो. त्या धुक्याचं, डोंगराचं मला नवल वाटत नाही. मला नवल वाटतं ते याचं की तो माणूस इतका वेळ उभा आहे आणि मागून कोणीच येऊन विचारत नाही, "काय पाव्हणं, काहून उभे?" त्या देशांत काकू नव्हत्या काय?

आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या गाडीनं मी घरी आले होते. फाट्यावरून चालत येताना मला बाबा धोंड्यावर दिसले, पाठमोरे. खाली धुई. अंगावर जुना खाकी स्वेटर, डोक्याला मफलर. माझ्या खोलीतल्या भिंतीवरचं चित्र उठून सेनगाव तालुक्यात येऊन बसलंय असं मला वाटलं. हाक मारायची सोडून मी बाभळीखाली बसले आणि पिशवीतला कागद काढून भराभर रेघा मारल्या. बाबांनी मागं वळून बघितलं नाही. मी पण बोलले नाही. घरी येऊन मी हे मायला सांगितलं नाही, कारण मला तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

तर रविवारी मी धावत माळावर पोचले आणि समोरचं दृश्य बघून माझे पायच थांबले.

धोंड्यावर बाबा होते. त्यांच्या भोवती गावातली सात-आठ कर्ती माणसं जमिनीवर उकिडवी बसलेली होती, खांद्यावर रुमाल, माना खाली. कोणी एक शब्द बोलत नव्हतं. पलीकडच्या तांड्यावरचे म्हातारबुवा, ज्यांची आणि बाबांची बसमधली जुनी ओळख, ते काठीवर हनुवटी टेकून सुस्कारे टाकत होते. बाबांचीही मान खाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर इतरांपेक्षा जास्त दुःख होतं.

मी जवळ गेले आणि हळूच विचारलं, "बाबा, काय झालं?"

बाबा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "कोणी तरी गेलंय. कोण गेलं ते अजून कोणी बोलून न्हाई राहिलं. ईचारावं कसं? म्हणून म्या बी बसलो."

मला हसू आवरेना. दुःखाच्या बैठकीत पोरगी खदाखदा हसायला लागलेली बघून सगळ्यांनी माना वर केल्या. कुणी म्हणालं, धक्का बसला असंल पोरीला, पाणी द्या. मी पोट धरून खाली बसले आणि कसंबसं सांगितलं, की कोणी गेलेलं नाही. आमच्या घरी सगळे धडधाकट आहेत. बाबा नुसतेच बसलेत.

"नुसतेच म्हंजे?" म्हातारबुवांनी विचारलं.

"नुसतेच. धुई बघत."

सगळ्यांनी माना वळवून धुईकडं बघितलं. मग म्हातारबुवा काठी आपटून उठले. त्यांना खरोखर राग आला होता. "मंग बसायच्या आधी सांगायचं की! कापूस येचायचा सोडून आलो म्या." बाकीच्यांनी रुमाल झटकले. दोघांनी बाबांची माफी मागितली आणि तिघांनी बाबांनाच माफी मागायला लावली. कोणी गेलेलं नाही याचा आनंद सगळ्यांना होता, पण तो एवढ्या घाईनं दाखवायचा कसा, हे कळत नसल्यामुळं ते जरा रेंगाळले आणि मग हसत हसत खाली उतरले. काकूच्या पिठल्याचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. तो आम्ही घरी जाऊन खाऊन सोडवला. पिठलं झणझणीत होतं.

गावात दोन दिवस या गोष्टीवर करमणूक झाली. पण माय हसली नाही.

त्याच रविवारी दुपारी भांडी घासताना तिनं मला जवळ बोलावलं. बाबा ओसरीवर होते, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती बोलली.

"समदं गाव म्हणून राहिलं, बाईनं काही तरी केलं म्हणून माणूस माळावर जाऊन बसतो."

"कोणी तसं म्हणलं का?"

"म्हणायला काहून पाह्यजे? मला कळत न्हाई का?" तिनं तवा जोरात घासला. "जलमभर डबा बांधून दिला. वाटलं, रिटायर होईल, घरी येईल, चार शब्द बोलंल. घरी आला तर पहाटे उठून पुन्हा चाललाच. नोकरीत होता तवा पोटासाठी जात होता. आता काहून जातो? माझ्याकडं पाठ करून बसायला?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती एकट्या माणसाला भीत नव्हती, ती त्या वळवलेल्या पाठीला भीत होती. मला माझ्या आईचं फार वाईट वाटलं, आणि बाबांचाही राग आला.

संध्याकाळी मायनं फर्मान काढलं. माळावर जायचं नाही. बसायचं तर घरी बसा.

बाबा म्हणाले, "बरं."

एवढंच. भांडले नाहीत, रुसले नाहीत. त्यांनी सगळी नोकरी वरून आलेले हुकूम पाळत काढली होती.

त्या आठवड्यात फोनवर घरची खबर यायची. बाबा ओसरीवर बसून घर चालवायला लागले होते. मायनं पीठ चाळायला घेतलं की "चाळण बदल," झाडायला घेतलं की "तिकडून घे," पाहुणे आले की "पुढं सरका, मधी जागा हाय." उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. एकदा तर कोंबड्यांना त्यांनी दारात अडवून, आधी आतल्यांना उतरू द्या असं सांगितलं म्हणे. माय आता हसत होती, पण ते हसणं दमलेलं होतं. "पह्यल्यापरीस बरं हाय," ती म्हणायची. मग थोडं थांबून म्हणायची, "बोलत न्हाईत पण. घरीच असतात अन् बोलत न्हाईत."

पुढच्या शनिवारी मी गावी गेले तेव्हा सोबत चित्र नेलं. त्या दिवशीच्या रेघांवरून मी जलरंगात ते पुरं केलं होतं. काळा धोंडा, खाली पांढरी धुई, धुईतून वर आलेले दोन लाइटीचे खांब आणि मधोमध खाकी पाठ. मला मायला समजावून सांगायचं होतं की एकटं बसणं म्हणजे कुणाला टाकणं नव्हे, असं बघण्यासाठी लोकांनी कितीतरी चित्रं काढलीत. गाडीत मी भाषणाची तयारीही केली होती.

मायनं चित्र हातात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"तोंड कुठाय?"

"पाठमोरे आहेत ते."

"तुला तोंडं काढता येत न्हाईत का? मास्तरीण हाईस ना तू?"

"येतात गं. पण या चित्रात मुद्दाम पाठ काढायची असते. माणूस एकांतात आहे, विचार करतोय, असं—"

मायनं भिंतीकडं बोट केलं. तिथं आमच्या घरातली बुद्धांची तसबीर आहे, डोळे अर्धे मिटलेले, शांत. "ते बी एकटेच बसले न्हवं? ते तोंड दाखवून बसले. आल्यागेल्याला दिसतात. पाठ करून न्हाई बसले."

माझं भाषण तिथंच संपलं.

मी चित्र परत घ्यायला हात पुढं केला, पण तिनं दिलं नाही. ती ते घेऊन दारातल्या उजेडात गेली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चित्रातल्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"हा खाली हाय. बराबर काढलास."

बाबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. सगळा जन्म त्याच्यावर चामड्याची पिशवी होती. मी तो तसा काढला होता, पण का उतरता आहे हे काढताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

"रुसलेत का गं ते?" मी विचारलं.

"हाट. रुसल्यावर हे खांदे असे गळ्यापाशी येतात." तिनं स्वतःचे खांदे वर करून दाखवले, आणि क्षणभर ती हुबेहूब बाबांसारखी दिसली. "ह्याच्यात तर मोकळे सोडलेत. हे रुसलेले न्हाईत. दमलेत. दमून बरं वाटून राहिलं त्यांना."

"तुला कसं कळतं?"

"मला न्हाई तर कुणाला कळंल?" ती चित्रावरून नजर न काढता म्हणाली. "रोज पहाटे डबा द्यायचा अन् दारात उभं ऱ्हायचं. फाट्यापर्यंत दिसायचे. तोंड म्या कितीसं बघितलं असंल? पाठच बघितली. भांडून गेले तर कळायचं, आजारी असून गेले तर कळायचं. समदं पाठीवरनं."

ती हसली. मग चित्र तसबिरीच्या खाली, फडताळावर टेकवून ठेवलं आणि भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कपबशीच्या आवाजानं जाग आली. माय ओसरीवर बाबांपुढं उभी होती. "जायचं न्हाई का? धुई विरून जाईल," ती म्हणत होती. बाबांनी एकदा तिच्याकडं, एकदा माळाकडं बघितलं. मफलर शोधायला ते एवढ्या घाईनं उठले की चहा सांडला.

मी नंतर त्यांना विचारलं होतं, की तिथं बसून नेमकं काय बघता? चित्रकलेच्या बाईंनी विचारावा असाच तो प्रश्न होता. बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बघतो असं काही न्हाई. तिथं कुणाला पुढं सरका म्हणावं लागत न्हाई." मी हिंगोलीला परतल्यावर त्या युरोपी चित्रांकडं बघितलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं, कदाचित हे सगळे लोकही कुठल्यातरी खात्यातून रिटायर झालेले असतील.

गोष्ट इथं संपली असं मी धरून चालले होते.

संक्रांत होऊन गेल्यावर पुन्हा एका रविवारी मी सकाळच्या गाडीनं उतरले. धुई त्या दिवशीही होती, पण पातळ. घरी आले तर अंगणात बाबा. हातात केरसुणी, आणि ती कुठल्या बाजूनं धरतात हे आठवत नसल्यासारखे उभे.

"माय कुठाय?"

बाबांचा आवाज खाली गेला. "माळावर गेली."

"कशाला?"

"काय म्हाईत! पहाटे उठली. म्हणली, रोज तुमी जाता, आज म्या जाऊन बघते काय हाय तिथं. म्हणलं, येतो संगं. तर म्हणली, येऊ नका." ते जवळ आले. "म्या काही बोललो का तिला? काल भाजीत मीठ जास्त झालं म्हणलो, पण हासून म्हणलो. रुसली असंल का गं?"

मी हसणार होते. पण त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. काकूच्या घराकडं एक नजर टाकून, ती अजून ताट घेऊन निघालेली नाही याची खात्री करून, मी बाबांना घेऊन माळाकडं निघाले.

ती धोंड्यावर बसलेली होती, पाठमोरी. निळं लुगडं, वरून बाबांची जुनी शाल. मांडीवर हात मोकळे टाकलेले. मला आठवतं तेव्हापासून तिचे हात कधी मोकळे नव्हते, निवडणं नाहीतर चिरणं नाहीतर कुणाचं तरी डोकं विंचरणं. आता ते नुसते पडले होते आणि ती खाली धुईत विरघळणाऱ्या खांबांकडं बघत होती. बाबा तडक पुढं निघाले. मी त्यांची बाही धरली.

"थांबा. बसू द्या तिला."

"पण रुसली असंल तर?"

"तिचे खांदे बघा," मी म्हणाले. "रुसल्यावर असे असतात का?"

बाबांनी बघितलं. मान तिरकी केली, पुन्हा बघितलं. मला वाटलं ते आता मायसारखंच काहीतरी ठामपणे सांगतील. पण त्यांनी मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. बाभळीखाली आम्ही दोघं उभे, पुढं ती, आणि तिच्या पुढं सगळं पांढरं.

"मला न्हाई सांगता येत," ते शेवटी म्हणाले. "मला न्हाई कळत तिच्या पाठीवरनं." थोडं थांबून म्हणाले, "मीच जायचो ना रोज. ती मागं दारात ऱ्हायची. म्या तिची पाठ अशी लांबून कवा बघितलीच न्हाई."

मी त्यांची बाही सोडली.

"मागून केस समदे पांढरे झाले तिचे," बाबा म्हणाले. "कवा झाले?"

ते हलले नाहीत. गाडीच्या दारात उभं राहून शेवटचा माणूस चढेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती. मी पिशवीतून कागद काढला आणि बाभळीच्या बुंध्याशी बसले. पहिली रेघ तिच्या मानेची मारली असेल नसेल, तेवढ्यात मागं वळून न बघता माय मोठ्यांदा म्हणाली, "तिथं उभं राहून काय बघून राहिले दोघं? माझं झालं न्हाई अजून. घरी जाऊन चहा ठेवा."

"हो हो," म्हणत बाबा मागच्या मागं पावलं टाकत माळ उतरायला लागले, तिच्याकडं बघत बघत.